माशीवरचं कुंकू

पोलीस दुकानात शिरला की माझ्या कपाळावर आठी येते. आजही येते. बांगड्यांच्या दुकानात पुरुषमाणूस आला की एक तर त्याला बायकोनं पाठवलेलं असतं, नाही तर त्याला काहीतरी फुकट हवं असतं. भोयर जमादार त्या दिवशी पायरी चढले तेव्हा मी दुसऱ्या प्रकारासाठी तोंड तयार करून बसले होते.

"ताई, नखाले लावाचा रंग द्या एक. लय भडक पाह्यजे."

"वहिनींना कुठला आवडतो?" मी विचारलं.

"तिले कायले? मले पाह्यजे."

काउंटरपाशी बांगड्या भरणाऱ्या दोघी बायका पदर तोंडाला लावून खुसखुसल्या. जमादारांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सहा फुटी माणूस, ओठ झाकणाऱ्या मिशा, कमरेला चामडी पाकिटात रिव्हॉल्व्हर, आणि समोर माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्यांची रांग. त्यांनी केसांना लावायचा एक काळा आकडा मागून घेतला. आकड्याच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका दिला, दारात गेले, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि आकडा समोरच्या फाटकावर रोखून उभे राहिले.

"हा नाई. दुसरा दाखवा."

मग गुलाबी झाला, जांभळा झाला. आकडे संपत चालले. चकाकणारी चमकी मिसळलेली बाटली मी पुढं केली तर म्हणाले, "झगमग नोको, ताई. उन्हात डोया दिपते." मी म्हटलं, जमादार, हे दुकान आहे, रंगपंचमी नाही. एकदाचं काय ते सांगा. तेव्हा स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "चहा सांगा. सांगतो."

तोवर चहापुरती असलेली आमची ओळख अशी पक्की झाली.

माझं दुकान कापूस खरेदी केंद्राच्या फाटकासमोर. गाव आर्णीच्या पुढं, हमरस्त्यावरचं. नाव सांगत नाही, कारण दुकान अजून तिथंच आहे आणि आमच्याकडच्या लोकांना राग यायला वेळ लागत नाही. ती वर्षं कापसाच्या हालांची होती. खरेदी आज चालू, उद्या बंद. बैलगाड्यांची रांग फाटकापासून एसटी स्टँडच्या पलीकडे जायची. माणसं गाडीखालीच जेवायची, गाडीखालीच झोपायची. कापूस विकल्याशिवाय घरात नवी बांगडी भरत नाही, त्यामुळे ती रांग हलली नाही की माझ्या दुकानातही माश्या घोंगावायच्या. फाटकाच्या आत कापसाच्या गंज्या, बाहेर तापलेली माणसं, आणि मध्ये भोयर जमादार.

हुद्द्यानं ते सहायक फौजदार होते. गावाला मात्र जमादारच. हंगाम सुरू झाला की फाटकावरचा बंदोबस्त त्यांच्याकडे यायचा, आणि तो त्यांच्याकडेच यावा असं गाडीवाल्यांनाही वाटायचं. का वाटायचं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका हंगामात वजनकाटा बिघडला आणि दुपारपर्यंत एक गाडी आत गेली नाही. लोक फाटकाला धक्के द्यायला लागले. तरुण शिपायांनी काठ्या सावरल्या. जमादार शांतपणे पुढच्याच गाडीच्या धुऱ्यावर चढले आणि ओरडले, "पानी कोन्या कोन्या बैलाईनं नाई पेलं अजून?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ऊन मरणाचं होतं. सकाळपासून भांडणाच्या नादात कुणीच बैल सोडले नव्हते.

"माणसं भांडतीन, बैलाईनं काय केलं बाप्पा? सोडा, हापशीवर न्या. तुमचा नंबर गेला तर मी हाय इथं उभा."

आणि अख्खी गर्दी बैल सोडायला लागली. आमच्याकडे माणूस स्वतःची तहान विसरेल, पण बैल तहानलेला आहे हे चारचौघांत ऐकल्यावर त्याला उभं राहवत नाही. पाणी पाजून परत येईपर्यंत राग निम्मा झाला होता आणि काटाही दुरुस्त झाला होता. जमादार माझ्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते. मी म्हटलं, भारी डोकं चालवलं. तर म्हणाले, "डोकं कायचं? बैल खरंच तहानले होते."

असा माणूस. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही. "धीरानं बाप्पा, धीरानं," हे त्यांचं दिवसभराचं पालुपद. एसटी स्टँडच्या वळणावर बस दिसली की तिची पाटी ते माझ्या दुकानातून वाचायचे. मला तिथं बस आहे एवढंच कळायचं. पेपर मात्र हात ताणून ताणून वाचायचे. "दूरचं सगळं दिसते, ताई. जवळचं पाहाले हात कमी पडून राह्यले," असं म्हणून स्वतःच हसायचे.

आणि हसण्यासारखं ते नव्हतं. जमादारांची चाळिशी उशिरा आली, पण आली ती थेट रिव्हॉल्व्हरच्या नळीवर. नळीच्या टोकाला एक लहानसा उंचवटा असतो, नेम धरण्यासाठी. ते त्याला माशी म्हणायचे. मागच्या खाचेतून ही माशी बघायची, ती निशाणावर टेकवायची, मग घोडा दाबायचा. माशी काळी, नळी काळी, खाचही काळी. तरुण डोळ्याला दिसते. जमादारांना त्या ठिकाणी नुसता धूर दिसायला लागला. चष्मा करून पाहिला. वाचायच्या चष्म्यानं पेपर लख्ख दिसायचा; हात लांब केला की माशी पुन्हा पुसट, आणि पलीकडचं निशाण तर गायबच. दोन काचांचा चष्मा लावला तर मान कोंबड्यासारखी वर करावी लागायची.

पावसाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी गोळीबाराचा सराव झाला, त्यात ते नापास झाले. नवे साहेब तरुण होते, कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा. तेव्हाही नापास झालात तर रिव्हॉल्व्हर जमा करायचं आणि ठाण्यात टपाल बघायचं. फाटकावर दुसरा माणूस देऊ.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "सावलीत बसाल. एवढी वर्षं उन्हात उभं राहून काय मिळालं?"

जमादारांनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात धार ऐकू आली.

"दुसरा कोन येईन, ठावं हाय? तो पोट्टा येईन, जो आतापासून कमरेवर हात ठेवून चालते. चांगला हाय, शिकलेला हाय. पन भेतो. लोक रागावले का तो भेईन, अन् भेला का दाबीन. अन् समोर कोन राहीन? हेच, बैलाईले पानी पाजनारे. मी असेपर्यंत त्या फाटकावर गोई नाई सुटली. माह्या पेन्शनीपर्यंत नाई सुटू देत. त्याच्यासाठी मले तेथी उभं राहाच लागन, अन् उभं राहाच असन तर नेम लागाच पाह्यजे."

गोळी चालू नये म्हणून माणसाला गोळी नीट मारता यायला हवी, हे मला त्या दिवशी उलटंच वाटलं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी वाद घातला नाही. मुकाट्यानं आणखी आकडे काढून दिले.

आता हा रंगाचा प्रकार डोक्यात आला कसा, तर दसऱ्यामुळे. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते. टेबलावर सगळी हत्यारं मांडतात, झेंडूची फुलं वाहतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी पूजेला बसलेल्या हवालदारानं भक्तिभावानं ओल्या कुंकवाचं बोट प्रत्येक नळीच्या टोकाला टेकवलं. दोन दिवसांनी जमादार सरावाला गेले, हात लांब केला, आणि बघतात तर धुरात एक लाल थेंब. त्या दिवशी गोळ्या मधोमध लागल्या. घरी येऊन त्यांनी विमलवहिनींना सांगितलं, तर वहिनींनी देवीला नारळ फोडला आणि सगळ्या गल्लीत प्रसाद वाटला. प्रसाद मलाही आला होता. कशाचा ते तेव्हा विचारायचं राहून गेलं.

पुढच्या सरावापर्यंत कुंकू झडून गेलं आणि गोळ्या पुन्हा गवतात. वहिनी म्हणाल्या, देवीचा कोप झाला. नारळाला पाणी कमी होतं, त्यांना तेव्हाच वाटलं होतं म्हणे. मग देवळातून मुद्दाम कुंकू आणलं, ते वाऱ्यानं उडालं. मारुतीच्या शेंदरासारखं तेलात कालवून लावलं, ते उन्हानं ओघळून खाचेत उतरलं. तेव्हा कुठं जमादारांच्या ध्यानात आलं, की देवी रागावलेली नाही. तिनं फक्त रंग दाखवला आणि पुढचं काम यांच्यावर सोडलं.

घरात रंग कुठला? तर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला. नारिंगी, घट्ट, उन्हापावसात न हलणारा. जमादारांनी शिंगं रंगवतात तसाच हात मारला, दणदणीत, वरून खालपर्यंत. माशी अशी पेटली की डोळे मिटूनही दिसावी. खुशीत सरावाला गेले आणि सगळ्या गोळ्या निशाणाच्या पायाशी. साहेब म्हणाले म्हणे, "जमादार, तुम्ही चोराचे बूट मारले."

झालं होतं असं की रंगाच्या थरानं माशी उंच झाली होती. माशी उंच झाली की तिला खाचेत बसवताना नळीचं तोंड आपोआप खाली जातं आणि गोळीही खाली जाते. शिंगाला थर चढला तर बैल देखणा दिसतो, माशीला चढला तर घात होतो. हे कळल्यावर जमादारांना पातळ रंग हवा झाला, चिमुकल्या कुंचल्याचा, लगेच वाळणारा. आणि असा रंग गावात एकाच दुकानात.

"आता समजलं का?" ते म्हणाले.

समजलं होतं. मी सगळ्या बाटल्या खाली घेतल्या. म्हटलं, जमादार, तुम्हाला गोळीतलं कळत असेल, रंगातलं मला विचारा. काळ्यावर कुठलाही रंग थेट लावला की तो मरतो. सावळ्या हाताला कुठली बांगडी खुलते हे ठरवण्यात माझी उमर गेली. आधी पांढरा हात द्या, तो वाळू द्या, मग त्यावर नारिंगी. त्यांनी आकड्यावर तसं केलं, दारात गेले, हात लांब केला. एक डोळा मिटून आकडा फाटकावर रोखला.

"दिसतंय का?"

"ताई," ते हळूच म्हणाले, "उगवला की वं."

समोरच्या फाटकातला पहारेकरी एव्हाना घाबरून आत गेला होता. पोलीस आपल्यावर केसांचा आकडा का रोखतोय हे त्याला कोण सांगणार!

पुढचे काही आठवडे गावानं त्यांची टर उडवली. "जमादार, मेंदी पन काढा," असं म्हणायचे लोक. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर सांडलेला नारिंगी ठिपका होता, तो काही जाईना. जमादार ऐकून घ्यायचे आणि रोज संध्याकाळी ठाण्याच्या मागं रिकामं रिव्हॉल्व्हर धरून भिंतीवरच्या खुणेवर नेम धरायचे. हात थरथरतो म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. ज्याला यवतमाळ जिल्ह्यातला खर्रा माहीत आहे त्यालाच कळेल हे केवढं मोठं काम आहे. रंग फक्त डोळ्याकडच्या बाजूला लावायचे, माथ्याला पुसटसाही नाही, म्हणजे उंची वाढू नये. चुकलं की पुसायचे, पुन्हा लावायचे. चिडलेलं मी त्यांना पाहिलं नाही. थांबलेलंही पाहिलं नाही.

परीक्षेचं मला वानखडे शिपायानं सांगितलं. साहेबांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "जमादार, सरकारी हत्याराला नेलपॉलिश?"

"होय, साहेब. पुसता येते. पन पह्यले निशान पाहून घ्या, मंग रागवा."

गोळ्या सुटल्या. साहेब चालत निशाणापर्यंत गेले. सगळी भोकं छातीवर, एका बशीत मावतील एवढ्या जागेत. साहेबांनी परत येऊन स्वतः ते रिव्हॉल्व्हर धरून पाहिलं, एक डोळा मिटून, बराच वेळ. मग म्हणाले, "राहू द्या. पण ज्या दिवशी जमा कराल त्या दिवशी जसं घेतलं होतं तसं द्यायचं."

जमादार फाटकावर परत आले. त्या दिवशी मी त्यांना साखर जास्त घालून चहा पाजला.

आणि तोच हंगाम सगळ्यांत वाईट निघाला. संक्रांतीचे दिवस असतील, माझ्या दुकानात वाणाचं सामान मांडलेलं होतं. सकाळी फाटकावर कागद लागला, जागा नाही, खरेदी बंद. रांगेतली माणसं आठवड्याची थांबलेली. आधी नुसता गलका झाला, मग दगड आला. मी अर्धं शटर ओढलं आणि त्याखालून बघत राहिले. तरुण शिपाई मागं सरकले. एक दगड जमादारांच्या कपाळाला लागला आणि रक्त मिशीपर्यंत आलं. तरी ते फाटकात उभे. "धीरानं बाप्पा," म्हणत होते, पण कोण ऐकणार? बैलांची युक्ती चालायची वेळ निघून गेली होती.

तेवढ्यात कुंपणावरून एक पोरगा आत उतरला. हातात रॉकेलचा डबा. गंजीवर त्यानं रॉकेल फेकलं आणि काडेपेटी काढली. कापसाची गंजी पेटली तर ती एकटी पेटत नाही. कुंपणाला लागून गाड्या, गाड्यांत कापूस, गाड्यांखाली बायका-लेकरं, आणि समोर माझं दुकान.

जमादारांनी रिव्हॉल्व्हर काढलं.

एवढ्या वर्षांत त्या फाटकावर पहिल्यांदा. गलका एकदम बंद झाला. हात लांब, एक डोळा मिटलेला, दुसऱ्या भुवईवरून रक्त. हात हलत नव्हता. पोरानं काडी ओढली. माझ्या तोंडून 'मार' असं निघालं की 'मारू नको' असं निघालं, देवाशपथ मला आठवत नाही.

मग जमादारांनी मिटलेला डोळा उघडला.

"गज्या," ते म्हणाले. ओरडले नाहीत, माझ्यापर्यंत आवाज आला तो केवळ शांतता होती म्हणून. "गज्या, तुह्या बैलाईची गाडी कुंपनाले लागून हाय. अन् गाडीत तुही माय बसली हाय. काडी इझव, लेका."

पोरानं मागं वळून पाहिलं. काडी बोटांपर्यंत जळत आली, तशी त्यानं ती चिमटीत दाबून विझवली आणि तिथंच खाली बसून हमसाहमशी रडायला लागला. जमादारांनी रिव्हॉल्व्हर पाकिटात ठेवलं. त्याच्यापाशी जाऊन बसले. त्याच्या भाजलेल्या बोटांना ओला रुमाल गुंडाळला, स्वतःचं कपाळ तसंच वाहत ठेवून.

संध्याकाळी टाके घालून ते दुकानात आले. मी रागानंच बोलले. म्हटलं, एवढा जीव काढून माशी रंगवली, खर्रा सोडला, जगाची बोलणी खाल्ली, आणि वेळ आली तेव्हा दाबलं नाही! काडी पडली असती म्हणजे?

"पडली असती, तं दाबला असता," ते म्हणाले. त्यात शंका नव्हती. मग बशीतला चहा हलवत राहिले. "ताई, माशी अशी लखलख दिसत होती. पन माशीवर डोया ठेवला का पलीकडचा मानूस पुसट होते. कोन हाय, काय हाय, दिसतच नाई. मले वाटलं, नेम तं बसला. आता जराक मानूस पाहून घ्याव. पाह्यलं, तं गज्या निघाला."

"आणि माशी दिसली नसती तर?"

"तं मी माशीच शोधत बसलो असतो. अन् भेवानं दाबला असता."

बशीतला चहा त्यांच्या हातावर सांडला. सकाळी जराही न हललेला हात. मी बशी काढून घेतली आणि दुसरीकडे बघत बसले, म्हणजे त्यांना डोळे पुसता यावेत.

गज्याचं नाव त्यांनी साहेबांना सांगितलं, लपवलं नाही. पण काडी त्यानं आपल्या हातानं विझवली, हेही सांगितलं, आणि ते साक्षीसकट. पोरगा थोडक्यावर सुटला.

काही वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशी, जमादार सकाळीच दुकानात आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट.

"ताई, तो रंग काढाचं औषध द्या. सायबाले जबान देल्ली होती."

मी रिमूव्हरची बाटली दिली. मग म्हणाले, "कापूस हाय का जराक?" आणि माझ्या दुकानात नेमका कापूस नव्हता. आम्ही दोघंही हसलो. जमादार रस्ता ओलांडून गेले, फाटकाच्या तारेला गाड्या घासून अडकलेला कापूस असतो, त्यातला एक पुंजका सोडवून घेतला आणि तसेच ठाण्याकडे गेले.

दुपारी परत आले तेव्हा कमर रिकामी होती. पट्टा सैल वाटत होता. उरलेलं रिमूव्हर त्यांनी काउंटरवर ठेवलं. "जमा केलं. जसं होतं तसं. काईच दिसत नाई आता माशी." पट्टा सारखा करत म्हणाले, "फाटकावरच्या गोया जेवढ्या देल्ल्या होत्या, तेवढ्या वापस केल्या."

मी वहिनींसाठी म्हणून हिरव्या बांगड्यांचा एक जोड कागदात बांधून दिला. पैसे द्यायला लागले तर मी त्यांना ओरडले. माझ्याकडून फुकट काही घेऊन गेलेले तेवढे एकच पोलीस.

बाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. त्यांना गावी न्यायला आलेला माणूस पायरीपाशी गाडी लावून उभा होता. पुढं टाकीवर त्याची लहान पोरगी बसलेली. त्यानं जमादारांची पिशवी घेतली तेव्हा मला त्याच्या दोन बोटांची भाजलेली, चकचकीत कातडी दिसली.

"धीरानं चालव बाप्पा," जमादार मागं बसत म्हणाले.

"होय बाबा," गज्या म्हणाला.

गाडी एसटी स्टँडच्या वळणाकडे गेली. जमादारांनी हात लांब करून पोरीला कसली तरी पाटी दाखवली. बहुतेक ती त्यांना इतक्या लांबून वाचता येत होती.